तोंडाच्या खात्यावर रोजची पिग्मी

मी पिग्मी एजंट. बेळगावात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: दुकानोदुकानी, घरोघरी फिरून क्रेडिट सोसायटीच्या ठेवीदारांकडून रोजची थोडी-थोडी ठेव गोळा करणारा. गळ्यात बॅग, हातात मशीन, बुडाखाली स्कूटर आणि डोक्यावर ऊन. सकाळी खडेबाजार, गणपत गल्ली, रविवार पेठ. जेवून झालं की शहापूर, वडगाव. अशी बावीस वर्षं काढली. माझा मूळ रंग कुंद्याचा, म्हणजे नुकत्या घोटलेल्या, फिकट कुंद्याचा. बावीस वर्षांत तो कढईच्या तळाला लागलेल्या कुंद्याचा झाला आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

तक्रार लेकीची होती. ती बेंगळूरला नोकरीला. पाडव्याला आली, गुढीला नमस्कार केला, माझ्या पाया पडली आणि उठता उठता म्हणाली, "बाबा, तुमचं नाक सोललंय."

नाकाचं सोडा, हेल्मेटच्या पट्ट्याखाली गालावर एक गोरी रेघ उमटली होती. रेघेच्या वरचा मुलूख काळा, खालचा सावळा आणि मध्ये हा वादग्रस्त पट्टा. आरशात बघताना मला पहिल्यांदाच वाटलं, सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग इथं यायला हवा होता.

लेकीनं पर्समधून ट्यूब काढली. "सनस्क्रीन. एकदम लाइटवेट आहे. लावल्याचं कळणारसुद्धा नाही."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

मी म्हटलं, अगं बेळगावात कसलं ऊन? सोलापूरचे पाहुणे आले की त्यांना आम्ही मुद्दाम गच्चीवर झोपवतो आणि मध्यरात्री चादर मागितली की मनातल्या मनात खूश होतो. त्यावर तिनं शांतपणे हिशेब मांडला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. हजार मीटर वर गेलं की अतिनील किरण दहा-एक टक्के वाढतात. म्हणजे आभाळ सारखंच निरभ्र असलं तर पणजीच्या वाळूत उघडा पडलेला गोरा पाहुणा आणि दुसऱ्या रेल्वे गेटला फाटक उघडायची वाट बघत उभा असलेला मी, यात सात-आठ टक्के जास्त मीच भाजतोय. त्यानं त्यासाठी सुट्टी काढलीय, एवढाच फरक. हवा गार असल्यामुळं आपल्याला चटका कळत नाही. आणि ढग आले म्हणून सुटका नाही, पातळ ढगातून बहुतेक सगळं खाली येतंच.

ती परत गेल्यावर मी चष्मा लावून ट्यूब वाचायला घेतली. आम्ही इथं पाट्यांवर मराठी की कन्नड यावर १९५६ पासून भांडतोय. ट्यूबवर दोन्ही नव्हत्या. त्यामुळं कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, फक्त कुणाला काही वाचता आलं नाही.

समजलं ते आकडे. आकडे हा माझा धंदाच. एसपीएफ ३० लावलं तर चामडी भाजणारे यूव्हीबी किरण ९७ टक्के अडतात. ५० लावलं तर ९८ टक्के. म्हणजे वीस आकडे वाढवून हातात पडला एक टक्का! असा व्याजदर आमच्या सोसायटीनं जाहीर केला तर ठेवीदार दुपारपर्यंत काचा ठेवणार नाहीत. पुढं 'पीए' आणि त्याच्यापुढं अधिकची चार चिन्हं. ती यूव्हीएसाठी, म्हणजे जे किरण भाजत नाहीत, गुपचूप सुरकुत्या पाडतात आणि खिडकीच्या काचेतूनसुद्धा आत येतात त्यांच्यासाठी. आमच्या ऑफिसात खिडकीजवळ बसणाऱ्या मॅनेजरांचा डावा गाल उजव्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा का दिसतो, याचा उलगडा मला तेव्हा झाला. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग मात्रा. लेकीनं फोनवर सांगितलं, "दोन बोटं घ्यायची." मला वाटलं, दोन बोटांनी घ्यायची. तसं नव्हे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हीच्या मुळापासून टोकापर्यंत क्रीमची रेघ ओढायची. एवढं एका तोंडाला आणि मानेला. आणि दर दोन तासांनी पुन्हा.

मी कॅल्क्युलेटर काढला. एका वेळेला साधारण एक ग्रॅम. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा म्हणजे पाच वेळा. ट्यूब ५० ग्रॅमची, किंमत ५०० रुपये. दहा दिवसांत ट्यूब खलास, म्हणजे रोजचे ५० रुपये. वर्षाचे १८,२५०. उडुपीत सुरू झालेल्या आणि पुढं सिंडिकेट बँक म्हणून नाव झालेल्या बँकेनं १९२८ साली पिग्मी काढली, तेव्हा रोज दोन आणे घ्यायचे. हातावरचं पोट असलेल्या माणसाच्या गाठीला चार पैसे राहावेत म्हणून. आणि त्याच पिग्मीवर पोट भरणारा मी आता रोज पन्नास रुपये स्वतःच्या तोंडावर भरणार होतो. मुदत नाही, व्याज नाही, संध्याकाळी साबणानं खातं बंद.

खरं लेकीनं प्रेमानं दिलेलं. लावलं.

मिशी असलेल्या माणसांनी हे कसं लावायचं, याबद्दल ट्यूबवर एक अक्षर नाही. मी सगळीकडं सारखं फासलं. मिशी पांढरी, भुवया पांढऱ्या आणि बाकीचा चेहरा राखाडी. पांढरा झाला असता तरी चाललं असतं. आमच्या रंगावर ते बसतं ना, ते जांभळाकडं झुकणारं राखाडी होतं, बुरशी धरलेल्या पावासारखं. त्यात झिंक ऑक्साइड होतं. भिंतीच्या रंगातसुद्धा हेच घालतात असं मला नंतर कळलं. बायको कणीक मळत होती. तिनं वर बघितलं, परत परातीत बघितलं, परत वर बघितलं. म्हणाली, "अहो, गिरणीत नोकरी धरलासा काय?"

खडेबाजारात कापड दुकानदार म्हणाले, "कपिलेश्वराला जाऊन आलासा वाटतं. भस्म लई लावलंय." मी 'होय की' म्हटलं आणि सटकलो. देवाचं नाव घेतलं की पुढचे प्रश्न टळतात. रविवार पेठेत ते चाललं नाही. तिथल्या कन्नड व्यापाऱ्यानं गल्ल्यावरूनच विचारलं, "एन्री, मुखक्क सुण्ण हच्चीरेन?" म्हणजे, काय ओ, तोंडाला चुना लावलायसा काय?

आता कन्नडमध्ये त्याचा अर्थ तेवढाच. खरं दुकानात चार मराठी गिऱ्हाईकं उभी होती आणि चौघंही माझे ठेवीदार. चुना लावणे या शब्दांना आमच्या धंद्यात काय वजन आहे, हे मी सांगायला नको. एकजण सहज विचारल्यासारखं म्हणाला, "माझे एकूण किती जमलेत ओ आता?" दुसऱ्यानं पासबुक भरून मागितलं.

दुपारी दुसऱ्या गेटला फाटक पडलं. घाम फुटला आणि कपाळावरचं सगळं प्रकरण भुवया ओलांडून डोळ्यांत उतरलं. मिरची कांडताना उडते तसं. दोन्ही डोळ्यांतून धारा. रुमालानं पुसावं तर रुमालाला आधीच पुसलेलं लागलेलं, त्यामुळं व्याजासकट परत. गाडी गेली, फाटक उघडलं, मी तसाच रडत शहापुरात पोचलो. तिथला एक सायकल दुकानदार बारा दिवसांची पिग्मी थकवून बसला होता. रोज 'उद्या' म्हणायचा. त्या दिवशी त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, हातातला पाना खाली ठेवला आणि बाराच्या बारा दिवसांचे पैसे मोजून दिले. "घरात सगळं ठीक हाय न्हवं?" हळूच विचारलं. बावीस वर्षांत वसुलीची ही पद्धत मला सुचली नव्हती.

मेडिकलवाल्यानं दुसरी ट्यूब सुचवली. जेल. "हे पांढरं पडत नाही." पडलं नाही. त्याऐवजी चमकलं. मी आनंदवाडीच्या आखाड्यात तेल चोळून उतरलेल्या पैलवानासारखा दिसू लागलो, फक्त मानेपासून वरचा पैलवान. त्या चिकट तोंडावर वडगावच्या रस्त्याची तांबडी धूळ इतक्या आवडीनं बसली की संध्याकाळी बायकोनं दारातूनच "कोण पाहिजे?" म्हटलं. शिवाय त्याच्याखाली सकाळी दुसरं क्रीम लावलेलं असलं की गाल चोळताना शेवया निघत. एका चपलांच्या दुकानात मी बोलता बोलता अर्धा वाटीभर शेवया काढल्या. मालक त्याकडं बघत राहिला आणि मी निघाल्यावर त्यानं खुर्ची पुसली.

तिसरी बाटली लेकीनं कुरिअरनं पाठवली. पाण्यासारखी पातळ, हलवून घ्यायची. आणि प्रामाणिकपणे सांगतो, ही चांगली निघाली. लावली आणि दोन मिनिटांत गेली कुठं ते कळलं नाही. वास नाही, चमक नाही, डोळ्यांत नाही. आठवड्यात नाक सोलायचं थांबलं. मारुती गल्लीत स्कूटरच्या आरशात बघून अकराची मात्रा लावताना सुरुवातीला पोरं जमायची, नंतर तीही कंटाळली. बावीस वर्षांत कधी नाही ते मी तोंडाची काळजी घेणारा माणूस झालो, आणि ते मला आवडायला लागलं होतं.

मग वडगावच्या आज्जीनं मला हाक मारली.

आज्जीच्या घरी माग आहे. ती रोज शंभर रुपये भरते आणि मशीनमधून निघालेली पावती तांदळाच्या डब्यात ठेवते. तिनं डबा पुढं सरकवला. मी पावत्या काढल्या. सोसायटीचं नाव दिसत होतं, तारीख दिसत होती, आणि जिथं 'रु. १००' असतं तिथं, ओळीनं प्रत्येक पावतीवर, माझ्या अंगठ्याएवढा पांढरा डाग.

मशीनचा तो कागद शाईनं छापत नाही, उष्णतेनं काळा होतो. त्याला तेलकट हात लागला की अक्षरं विरून जातात. आणि मी गेले पंधरा दिवस लावल्याचं कळणारसुद्धा नाही अशी वस्तू बोटांना फासून बेळगावभर पावत्या वाटत होतो.

"चुना लावलास व्हय रे?" आज्जी म्हणाली. ती कन्नडमध्ये म्हणाली नाही.

मी मशीन उघडून तिच्या खात्याची एकेक नोंद दाखवली. तिच्या नातीला बोलावलं, तिनं वाचली, बेरीज केली, पुन्हा केली. रक्कम पैशालासुद्धा चुकली नव्हती. मग मी बाटली काढून सगळी हकिगत सांगितली. नाक, पट्टा, उंची, पणजीचा गोरा, सगळं. आज्जीनं बाटली हातात घेऊन हलवली, कानाशी धरली.

"ऊन लागत नाही म्हणतोस?"

"दोन बोटं लावायची. दर दोन तासांनी."

"नातीची हळद हाय पुढच्या महिन्यात," ती म्हणाली आणि बाटली तांदळाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. "आणि आजच्या शंभराची पावती हातानं लिहून दे. पेनानं. आधी हात धू."