फिल्टर टाकला म्हणून रेडिएटर धुवायचा सुटत नाही

कॉम्प्युटर थंड ठेवायला स्वतः कस्टम वॉटर कूलिंग करू पाहणाऱ्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. घरच्या वॉटर प्युरिफायरला असतो तसला इनलाइन फिल्टर लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरत राहतं त्या बंद वळशात, टाक. मग रेडिएटर धुवायला नको, आरओचं पाणी चालतं, कूलंट (आत फिरणारं द्रव) बदलायची कटकट नाही, आणि फिल्टर तुंबलाच तर पंपाच्या आरपीएमवरून कळेल. फिल्टर टाकण्यात गैर काही नाही, पण तो पकडतो ते फक्त पाण्यात फिरणारे कण, आणि तेही बहुतेक पहिल्या दोन दिवसांत. लूपची खरी वाट लावणाऱ्या गोष्टी जाळीतून आरामात निघून जातात.

‘रेडिएटर धुवायला नको.’ नव्या रेडिएटरमध्ये सोल्डरचे बारीक मणी असतात, धातूचा कीस असतो आणि फ्लक्स (सोल्डर करताना लावलेलं रसायन) असतो. पहिले दोन जाळीत अडकतील. फ्लक्स मात्र चिकट. गरम पाण्यात सुटतो, जाळी ओलांडतो आणि प्रोसेसरवर बसवलेल्या ब्लॉकमधल्या, म्हणजे आतून पाणी जाऊन उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यातल्या, फटींत जाऊन बसतो. त्या फटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अरुंद असतात. लूपमधला सगळ्यात बारीक फिल्टर म्हणजे खरं तर तो ब्लॉकच, आणि तो साफ करायचा तर उघडावा लागतो.

म्हणून धुवायचं ते जोडण्याआधीच. रेडिएटर साधारण ६० अंशांच्या गरम पाण्याने अर्धा भरा, तोंडं बुचांनी बंद करा, दोन मिनिटं जोरात हलवा आणि पांढऱ्या सुती रुमालातून ओता. पहिल्या खेपेला रुमालावर काळपट ठिपके आणि चमकणारे कण दिसतील. रुमाल कोरा राहीपर्यंत हेच करत राहा. पाच-सहा खेपा सहज होतात. तरीही पाणी गढूळच येत असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून अर्धा तास ठेवा. हे फक्त तांब्या-पितळेच्या रेडिएटरला, आणि रात्रभर नाही, कारण आम्ल सोल्डरच्या सांध्यांनाही सोडत नाही. मग साध्या पाण्याने भरपूर धुवा आणि शेवटच्या दोन खेपा डिस्टिल्ड वॉटरच्या.

‘प्युरिफायरचा फिल्टर चालतो.’ त्यातला सेडिमेंट फिल्टर बहुधा ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ब्लॉकची फट ४०० मायक्रॉनची धरली तर हा गरजेपेक्षा ८० पट बारीक झाला. घरगुती प्युरिफायर तासाला १५-२० लिटर पाणी देतो, लूपला १५०-२०० लिटर फिरवायचं असतं. त्यात पाव इंची नळीचं आतलं भोक जेमतेम ४ मिलिमीटर, लूपच्या नळीचं १०. म्हणजे वाट एक षष्ठांश. लूपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या डी५ पंपाचा जोर जास्तीत जास्त चार मीटर उंचीच्या पाण्याइतका, तोही प्रवाह शून्य असताना. कार्बनचा फिल्टर तर आणखी वाईट: कूलंटमधला रंग आणि गंजरोधक रसायनं तोच शोषून घेतो, वर कोळशाची पूड सोडतो ती वेगळीच.

लावायचाच असेल तर स्टेनलेस स्टीलच्या जाळीचा, १००-२०० मायक्रॉनचा, जी-पाव आट्यांचा (वॉटर कूलिंगच्या जोडण्यांचं नेहमीचं माप) घ्या आणि दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह बसवा. जर्मनीची अ‍ॅक्वा कॉम्प्युटर कंपनी व्हॉल्व्हसकट असा फिल्टर बनवते. व्हॉल्व्ह नसतील तर जाळी धुवायला दर वेळी अख्खा लूप रिकामा करावा लागेल. जागा पंपाच्या पुढे, ब्लॉकच्या आधी. टाकी आणि पंप यांच्या मध्ये कधीच नको: ओढीच्या बाजूला अडथळा आला की पंप कोरडा पडायला लागतो, आणि डी५चं बेअरिंग पाण्यावरच चालतं. दोन दिवस चालवा, जाळी धुवा, पुन्हा काही सापडलं नाही तर फिल्टर काढून टाका. लूपमध्ये सांधा जितका कमी तितकं बरं.

‘आरओचं पाणी चालतं, कूलंट बदलू नका.’ विरघळलेले क्षार कोणतीही जाळी थांबवत नाही. घरच्या आरओत चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात, त्यामुळे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५०च्या वर सहज जातो. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणीही डोळे झाकून ओतू नका. टीडीएस मीटर बुडवा, ५च्या आत असेल तरच घ्या. मऊ पीव्हीसी नळीतून प्लॅस्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) झिरपतो, त्याचा पांढुरका चिकटा ब्लॉकमध्ये जमतो. मे महिन्यात पाणी ४५ अंशांपुढे गेलं की हे आणखी वेगाने होतं. त्यावर उपाय फिल्टर नव्हे, ईपीडीएम रबराची नळी. जिवाणू एखाद-दोन मायक्रॉनचे. जाळीवरच त्यांचा बुळबुळीत थर वाढतो. आणि तांब्याच्या ब्लॉकसोबत अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडला असेल तर बोलायलाच नको, दोन धातूंच्या संगतीने अ‍ॅल्युमिनियम गंजत जातं.

‘तुंबला तर पंप सांगेल.’ सांगत नाही, इथेच लोक फसतात. डी५सारख्या सेंट्रिफ्यूगल पंपाचा (पाती फिरवून पाणी ढकलणाऱ्या) प्रवाह अडला की त्याच्यावरचा भार कमी होतो, त्यामुळे आरपीएम तितकाच राहतो, कधी किंचित वाढतोसुद्धा. स्क्रीनवर सगळं झकास. पण ४०० वॉटची उष्णता तासाला २०० लिटर प्रवाहात पाणी एका फेरीत पावणेदोन अंशांनी तापवते, ६० लिटरवर पावणेसहा, ३० लिटरवर साडेअकरा अंशांनी. फ्लो मीटर आणि पाण्याचा तापमान सेन्सर असल्याशिवाय फिल्टर कायमचा ठेवू नका.

लोड तोच, पाण्याचं तापमान तेच, प्रवाहही तोच, पण प्रोसेसर आठ-दहा अंशांनी वर गेला, तर आधी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामधला लेप) बघा, मग ब्लॉक. सगळंच सारखं वर गेलं असेल तर रेडिएटरवरची धूळ आणि पंखे. ब्लॉक उघडला की मऊ टूथब्रश आणि भांड्यांचा साबण पुरतो. निकेलच्या मुलाम्याला व्हिनेगर किंवा घासणी लावू नका. उघडताना जेट प्लेट (पाणी फटींवर सोडणारी पट्टी) आणि ओ-रिंग कशी बसली होती त्याचा फोटो काढून ठेवा.