ब्रेकच्या डिस्कला तेल लावू नका! चाकांवरच्या काळ्या धुळीबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

"चाकं काळी पडतात? मेकॅनिक हे कधीच सांगणार नाही!" अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. मी तो पाहून सोडून दिला होता. पण परवा थोरल्या मामांचा फोन आला. नातवंडांना घेऊन गगनबावड्याला जायचं आणि तिथून घाट उतरून वैभववाडीला, असा त्यांचा बेत होता आणि प्रश्न होता, "डिस्कला मशीनचं तेल चालतंय न्हवं, का खोबरेलच पायजे?" मामांनी उभी हयात गाडी चालवली आहे. अशा माणसाला जर हा मेसेज पटत असेल, तर गप्प बसून चालणार नाही.

मेसेजमध्ये सात सल्ले आहेत. चाकावर काळी धूळ दिसली म्हणजे गॅरेजवाल्यानं डुप्लिकेट पॅड टाकलेत. चाकं टॉयलेट क्लीनरनं धुवावीत. आठवड्यातून एकदा ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी) आणि पॅड (तिला आवळणारे ठोकळे) यांवर तेलाचा हलका हात फिरवावा. घाट उतरताना इंजिन बंद करून, न्यूट्रलला टाकून गाडी हँडब्रेकवर सांभाळावी. सिरॅमिक पॅड घातले की धूळ शून्य. धूळ अडावी म्हणून चाकाच्या आतून पत्र्याची चकती बसवावी. आणि शेवटी, ही धूळ निरुपद्रवी आहे, कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवून टाकावी.

मी क्रमानं जाणार नाही. तिसरा सल्ला आधी घेतो, कारण त्यानं माणसाचा जीव जाऊ शकतो.

ब्रेकचं सगळं काम घर्षणावर चालतं. पायडल दाबलं की कॅलिपरमधले, म्हणजे डिस्कवर बसवलेल्या चिमट्यातले, दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात. गाडीच्या वेगाची उष्णता होते आणि हे होताना पॅड थोडा झिजतो, डिस्कही थोडी झिजते. ती झीज म्हणजे ही काळी धूळ. तेल लावल्यावर धूळ कमी दिसेल, यात शंका नाही. पण ती कमी दिसेल कारण ब्रेक लागणारच नाही. पॅड आणि डिस्क यांच्यातला घर्षण गुणांक (पकड किती आहे ते सांगणारा आकडा) साधारण ०.३५ ते ०.४५ च्या आसपास राहील असा पॅडचा मसाला बनवलेला असतो. मध्ये तेलाचा पातळ थर आला की हा आकडा कोसळतो. पाय नेहमीइतकाच दाबता, गाडी मात्र पुढे सरकत राहते.

बरं, तेल वरच्या वर राहत नाही. पॅड सच्छिद्र असतो, तेल आत मुरतं. फडक्यानं पुसून ते निघत नाही, आणि गरम झाल्यावर पुन्हा पृष्ठभागावर येतं. शिवाय दोन्ही चाकांना तेल अगदी सारखं कोण लावणार? एका बाजूला जास्त लागलं की ब्रेक मारताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असते. ओढ कुठल्या बाजूला बसेल हे आपल्या हातात नसतं.

या सल्ल्याला मेसेजवाल्यानं पुरावा म्हणून एक वाक्य जोडलंय: "कंपनीसुद्धा नवीन डिस्क तेल लावूनच पाठवते." हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला काम करतो. आमच्याकडे ब्रेक ड्रम आणि डिस्कची कास्टिंगं टर्निंगला येतात. हे ग्रे कास्ट आयर्न, म्हणजे ओतीव लोखंड. लेथवर कापताना स्टीलसारख्या लांब वळ्या निघत नाहीत, बारीक भुसा पडतो आणि आतल्या ग्राफाइटमुळं हात काळे होतात. चाकावरच्या धुळीतला मोठा हिस्सा याच जातीच्या लोखंडाचा असतो. आता या ताज्या कापलेल्या पृष्ठभागावर आपल्या पावसाळी हवेत रात्रीत तांबूस गंज धरतो. म्हणून पॅकिंगच्या आधी त्यावर गंजरोधक तेल मारलं जातं. ते तेल फक्त ट्रकमधल्या आणि गोदामातल्या मुक्कामासाठी असतं. डिस्क गाडीला बसवण्याआधी ब्रेक क्लीनरनं ते पूर्ण पुसून काढायचं, हे नव्यानं कामाला लागलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. मेसेज लिहिणाऱ्यानं डिस्कला तेल लावताना पाहिलं असेल, ते काढताना पाहिलेलं नाही.

पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क सकाळी तांबूस दिसते, पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात आणि चाकावर तपकिरी पूड येते. याला घाबरून तेलाची बाटली काढू नका. तो वरवरचा गंज असतो आणि पॅडच तो घासून काढतो.

आता घाटाचा सल्ला. घाटात बऱ्याच ठिकाणी न्यूट्रलमध्ये गाडी चालवू नका अशा पाट्या असतात, तरी लोक हेच करतात. म्हणून थोडं सविस्तर सांगतो. १,२०० किलोची गाडी १०० मीटर उंचीवरून खाली आली, तर तिच्यात जेवढी ऊर्जा सुटते तेवढी ताशी ६० च्या वेगावरून सात वेळा पूर्ण थांबण्याएवढी असते. करूळ, आंबा किंवा फोंडा घाटाची उतरण १०० मीटरच्या कितीतरी पट आहे. ही सगळी ऊर्जा कुठंतरी जिरली पाहिजे. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात मेसेज म्हणतो, इंजिनही बंद करा. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरला नवा व्हॅक्यूम मिळत नाही. साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा पायडल नीट दबतं, मग दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टिअरिंगचीही मदत जाते. चावी काढली तर स्टिअरिंग लॉकच होऊ शकतं.

आणि हँडब्रेक? बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या दोन चाकांवर असतो, म्हणून "पुढची अलॉय स्वच्छ राहतात" असं मेसेजमध्ये लिहिलंय. हँडब्रेक गाडी उभी ठेवण्यासाठी आहे. उतारावर सतत ओढून धरला तर मागचे ड्रम तापतात आणि ब्रेक पकड सोडायला लागतो. ओल्या वळणावर मागची चाकं लॉक झाली तर गाडीचा मागचा भाग फिरतो. दोन चाकं चकचकीत दिसावीत म्हणून गाडीतल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लावायचा, हा सल्ला कुणी कुणाला देऊच कसा शकतो?

पेट्रोल वाचतं, असंही त्यात घुसडलंय. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये चालू ठेवलेलं इंजिन उलट थोडं इंधन पितं. एवढं मात्र मान्य की ब्रेक कमी वापरला तर धूळ कमी होते. पण त्याचा मार्ग लहान गिअर, पुढच्या गाडीपासून अंतर आणि सिग्नल लांबून दिसताच पाय काढणं हा आहे. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागं चिकटून जाणाऱ्यांची चाकं लवकर काळी होतात, त्याचं कारणही हेच.

आता "धूळ निरुपद्रवी आहे" हा मुद्दा. ती निरुपद्रवी असती तर कायदा करायची वेळ आली नसती. युरोपियन युनियनच्या २०२४ सालच्या युरो ७ नियमात, म्हणजे रेग्युलेशन २०२४/१२५७ मध्ये, गाड्यांच्या ब्रेकमधून हवेत जाणाऱ्या कणांवर तिथं पहिल्यांदा मर्यादा घातली गेली. १० मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण नेहमीच्या कारसाठी किलोमीटरला ७ मिलिग्रॅमपर्यंत, पूर्ण बॅटरीवरच्या कारसाठी ३ मिलिग्रॅमपर्यंत. नव्या मॉडेलना हे नोव्हेंबर २०२६ पासून लागू आहे. तुलनेसाठी, आपल्या बीएस ६ या प्रदूषण नियमात डिझेल कारच्या सायलेन्सरमधून येणाऱ्या कणांची मर्यादा किलोमीटरला ४.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ब्रेकची धूळ हा काही चाकाच्या शोभेपुरता विषय नाही. ७ मिलिग्रॅमच्या हिशेबानं वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणारी गाडी ७० ग्रॅम बारीक कण सोडते, आणि ते रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातात.

म्हणून कॉम्प्रेसरनं धूळ उडवायची नाही. ही गोष्ट गाडीच्या मालकापेक्षा गॅरेजमधल्या पोरांसाठी जास्त महत्त्वाची आहे. ड्रम उघडायचा आणि तोंडाला रुमालही न बांधता हवा मारायची, हे उद्यमनगरात काय किंवा दुसरीकडं काय, सर्रास चालतं. जुन्या गाड्यांच्या आणि बिननावाच्या स्वस्त लायनिंगमध्ये (ड्रमच्या आत घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतो. आपल्या देशात त्याच्या आयातीवर सरसकट बंदी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कॅन्सर करणारे मानते. धूळ आधी ओली करा, मग ओल्या फडक्यानं पुसा. कामाला पोरगा लावला असेल तर त्याला चांगला मास्क द्या.

युरोपच्या त्याच युरो ७ नियमातून "सिरॅमिक पॅड म्हणजे शून्य धूळ" या दाव्याचंही उत्तर मिळतं. ज्या गाड्या मोटरच्या मदतीनं थांबतात आणि ब्रेक फार कमी वापरतात, त्यांनाही युरोपनं ३ मिलिग्रॅमची मुभा ठेवली आहे, शून्याची अट घातलेली नाही. चांगल्या सिरॅमिक पॅडची धूळ कमी असते, रंगानं फिकट असते आणि चिकटतही कमी, हे कबूल करतो. पण खोक्यावर नुसतं "सिरॅमिक" छापलेलं पाहून पैसे मोजू नका. तुमच्या मॉडेलला ते चालतात का, हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

डुप्लिकेट पॅडचा आरोप बहुतेक वेळा खोटा असतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना पुढं डिस्क आणि मागं ड्रम असतात. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची धूळ ड्रमच्या आतच राहते, म्हणून पुढची चाकं जास्त काळी होणं हे नेहमीचंच. नवे पॅड बसेपर्यंत जास्त धूळ देतात. युरोपियन बनावटीच्या कित्येक गाड्यांचे मूळ पॅडच जास्त धुळीचे असतात. मात्र डावं चाक स्वच्छ आणि उजवं काळंकुट्ट, किंवा फिरून आल्यावर एकच चाक हाताला भाजेल इतकं तापलेलं, असं असेल तर दुर्लक्ष करू नका. कॅलिपर किंवा त्याची स्लाइड पिन अडकलेली असू शकते. धूळ काहीतरी सांगते, एवढ्यापुरतंच मेसेजवाल्याचं बरोबर आहे.

पत्र्याच्या चकतीनं डिस्कला लागणारा वारा अडतो आणि ब्रेक जास्त तापतो. विषय संपला.

टॉयलेट क्लीनरच्या बाटलीवर घटक वाचा. बहुतेकांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ॲल्युमिनिअम खातं. अलॉयवरचा पारदर्शक थर गेला की खाली पांढरट डाग पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. चाक धुवायचं तर गाडी थंड झाल्यावर, सावलीत, कार शाम्पूचं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन धुवा. पन्हाळ्याहून उतरून आलेल्या तापल्या डिस्कवर गार पाण्याचा पाइप धरू नका. चाकांचा ब्रश आणि फडकं वेगळं ठेवा, नाहीतर तेच लोखंडाचे कण बॉनेटच्या रंगावर ओरखडे काढतील. बारीक तांबूस ठिपके बसले असतील तर लोखंड विरघळवणारा व्हील क्लीनर मिळतो. तो लोखंडाला लागला की जांभळा होतो. वास वाईट असतो, काम मात्र चोख करतो. शेवटी कोरड्या रिमच्या दर्शनी भागावर वॅक्स लावा, पुढची धूळ नुसत्या पाण्यानं सुटेल. वॅक्स फक्त रिमला. डिस्कला नाही, पॅडला नाही.

मेसेज वाचून कुणी डिस्कला आधीच तेल लावलं असेल, तर गाडी घराबाहेर काढू नका. गॅरेजवाल्याला घरी बोलवा आणि काय लावलंय ते त्याला स्पष्ट सांगा, लाजू नका. डिस्क ब्रेक क्लीनरनं साफ होईल. तेल मुरलेले पॅड मात्र बदलावेच लागतील, आणि तेही दोन्ही पुढच्या चाकांचे एकत्र. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर, अगदी हळू वेगात, ब्रेक लागतोय आणि गाडी सरळ थांबतेय याची खात्री करा. घाट नंतर.