कान वाहिला म्हणजे सुटलो? अजिबात नाही

परवा रात्री वहिनीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, तेल घालू का?" भाचा अडीच वर्षांचा, चार दिवसांपूर्वी कान फुटून पू आलेला, आता परत ताप. मेसेज असा: कान वाहिला की घाण निघून गेली, कानामागची सूज म्हणजे साधी गाठ, कोमट तेल घाला, अँटिबायोटिक नकोच, कानाचं दुखणं कानाबाहेर जात नाही. वाचून डोकंच फिरलं.

तेलाचं सोपंय, पडदा फुटलेल्या कानात घालायचं नाही.

अँटिबायोटिकबद्दल थोडं मान्य करावं लागेल, बहुतेक कानदुखी औषधाशिवाय बरी होते. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या 1990 ते 2006 च्या नोंदींचा अभ्यास 2009 मध्ये 'पीडियाट्रिक्स'मध्ये आला, त्यात मॅस्टॉइडायटिसची, म्हणजे कानामागच्या हाडाच्या इन्फेक्शनची, एक केस टाळायला 4831 वेळा अँटिबायोटिक द्यावं लागेल असा हिशोब आहे. पण तो साध्या कानदुखीचा, सूज आलेल्या पोराचा नाही! आणि त्यातच अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये धोका निम्म्यावर आलेला दिसतो, ते मेसेजवाले सांगत नाहीत.

आता ते "कानाबाहेर जात नाही". कानामागचं ते हाड आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं आणि त्याच्या पलीकडे लगेच मेंदूचं आवरण आणि मेंदूतलं रक्त खाली नेणारी मोठी शीर. पू खाली उतरला तर मानेत गळू होतं, मान वाकडी होते आणि घरच्यांना वाटतं झोपेत लचकली. शिरेत गुठळी झाली तर ताप चढतो-उतरतो, डोकं दुखतं, उलट्या होतात. पू हाडाच्या आतल्या टोकाकडे गेला तर डोळ्यामागे ठणकतं आणि त्या बाजूचा डोळा बाहेर वळेनासा होतो, एकाचे दोन दिसतात, याला ग्रॅडेनिगो सिंड्रोम म्हणतात, 1904 पासून माहीत असलेली गोष्ट आहे ही. अशा वेळी पोराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतात आणि पंधरा दिवसांपूर्वी कान वाहिला होता हे सांगायचंच राहून जातं. हे सगळं क्वचितच होतं, पण होतं.

आणि ती "गाठ". वहिनीला म्हटलं, त्याला पाठमोरा बसव आणि फोटो पाठव. डावा कान पुढे आणि खाली ढकललेला, मागची घडी गेलेली, कातडी लाल आणि ताणलेली. म्हटलं तेलाची बाटली ठेव आणि आत्ताच्या आत्ता निघ. सीटी स्कॅनमध्ये हाडाबाहेर, कातडीखाली पू साचलेला दिसला, सकाळी ऑपरेशन करून काढला, आता सलाईनमधून अँटिबायोटिक चालू आहे आणि कालपासून ताप नाही.