कडब्याचं काय?

वसंतराव नाईकांच्या कृषी कारकिर्दीवरच्या या लेखात 'हायब्रीड ज्वारीने शेतकऱ्याचं घर सावरलं' असं सरसकट लिहिलंय. धान्यापुरतं ते खरं आहे. पण कडब्याचं, म्हणजे गुरांना घालायच्या ज्वारीच्या वाळल्या ताटांचं काय? १९६४ साली आलेली सीएसएच-१ ही हायब्रीड ज्वारी लवकर निघायची आणि उतारा भरघोस द्यायची, पण ताट बुटकं, म्हणून कडबा कमी. आमच्या आजोबांकडे गावरान ज्वारीच्या पेंढ्यांची गंजी उन्हाळाभर पुरायची, हायब्रीड आल्यावर बैलांसाठी कडबा विकत घ्यावा लागला. शिवाय कणसं भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडायचा. तसल्या पिठाची भाकरी करडी व्हायची, थापताना कडेने चिरायची.

यातून नाईकांचं मोठेपण कमी होत नाही. गहुलीच्या शेतकरी घरातला हा माणूस आधी कृषिमंत्री आणि मग १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होता. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं त्याच काळातली. ज्वारीच्या अशा अडचणींवर पुढे अकोला-परभणीत संशोधन झालं. लेखात विद्यापीठांना जेमतेम एक ओळ मिळाली, तिथे निदान दोन परिच्छेद हवे होते.