‘अखंड’ नाही, मध्ये दोनदा खंड पडला

इटलीतल्या वेरोनात उघड्या रोमन प्रेक्षागारात होणारा ऑपेरा महोत्सव १९१३पासून ‘अखंड’ चालू आहे असं लेखात म्हटलंय, तेवढं दुरुस्त करा. दोन्ही महायुद्धांत तो बंद होता. बाकी सुरुवात बरोबर: १० ऑगस्ट १९१३, संगीतकार वेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त त्याचाच ऑपेरा ‘आयदा’, पुढाकार गायक जोव्हानी झेनातेल्लोचा. गायिका मारिया कॅलासचं इटलीतलं पदार्पणही इथलंच, १९४७ साली ‘ला जोकोंदा’त.

जाणाऱ्यांनी पावसाचं आधी बघा, लेखात त्यावर अवाक्षर नाही. चार थेंब पडले की व्हायोलिनवाले वाद्यं उचलून आत जातात. लाकूड आणि ते जोडणारा सरस, ओल अजिबात सोसत नाही. प्रयोग सुरूच झाला नाही तर पैसे परत. एकदा सुरू होऊन थांबला की सहसा विसरायचे. तिकीट काढतानाच अट वाचा.

स्वस्त जागा म्हणजे रोमन काळातल्या दगडी पायऱ्या. दिवसभर तापलेल्या असतात, पाठ टेकायला काही नाही, त्यामुळे उशी हवीच. प्रयोग अंधार पडल्यावर सुरू होतो आणि ‘आयदा’चे चार अंक मध्यरात्र ओलांडतात. शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, मुक्काम वेरोनातच ठेवा. आणि हो, पहिल्यांदाच जात असाल तर ‘आयदा’च बघा, एवढा अवाढव्य रंगमंच इतर ऑपेरांना बऱ्याचदा अंगाबाहेर होतो.