पेढ्यांनंतरचा सोमवार

भांडुपची माझी भाची दोन आठवडे एका कागदावर सही करायची टाळतेय. ऑफिस तिच्या कोर्सची फी भरायला तयार आहे. अट अशी, की कोर्स झाल्यावर २ वर्षं नोकरी सोडायची नाही. सोडलीस तर सगळी फी परत कर, शिवाय तारीख न घातलेला चेक आत्ताच सही करून दे. ‘मामा, तिकडे पण असं असतं का रे?’

असतं की! मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो, १९६८पासून मुंबईचं जोडशहर आहे हे. इथल्या कंपन्याही फी वसुलीचं कलम घालतात. पण कंपनीच्या चुकीने नोकरी सोडावी लागली तरी पैसे भर, असं त्यात निघत असेल, तर इथलं न्यायालय ते कलमच बाद करतं. आपल्याकडे मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा ‘३ वर्षं नोकरी कर, नाहीतर २ लाख भर’ हा बाँड ग्राह्य धरला आणि एचआरवाल्यांना जोर चढला. तो वाद नव्या भरतीच्या खर्चाचा होता, कुणाच्या शिक्षणाचा नव्हे, पण इतकं वाचतंय कोण!

इकडे जर्मनीत, आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१५पासून शिकण्यासाठी वर्षाला ५ दिवस भरपगारी रजा कायद्याने मिळते. फी मात्र ज्याची त्याने भरायची. शेजारच्या बव्हेरियात तेवढीही रजा नाही. आणि आमच्या विभागात त्या रजेसाठी अर्ज येतो एखाद-दुसराच. तेव्हा इकडे सगळं आलबेल आहे असं मी भाचीला सांगणार नाही.

अंधेरीला नोकरी करताना मी ३ वर्षं चर्चगेटला संध्याकाळचा कोर्स केला. साहेब भले, साडेपाचला स्वतः हाकलायचे. रात्री दादरचा पूल ओलांडून डोंबिवली लोकल धरायची, बसायला मिळालंच तर पुस्तक मांडीवर उघडून ठाण्यापर्यंत झोपायचं. निकालाच्या दिवशी पेढे वाटले. साहेबांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, ‘मग, पेपर कधी टाकतोयस?’ थट्टाच होती. पण सोमवारी टेबलावर तीच व्हाउचरं, तीच एक्सेल शीट. सहा महिने वाट पाहिली आणि खरंच पेपर टाकला, राजीनामा दिला. बाँड नव्हता. असता तरी नव्या कंपनीकडून तेवढे पैसे घासाघीस करून काढले असते, सगळेच काढतात.

दहा-बारा माणसांच्या गाळ्यातल्या मालकाला लाखभर फी जड जाते, त्याने काही लिहून घेतलं तर मी समजू शकतो. मोठ्या कंपन्यांना ही सबब नाही.

नोकरी करून शिकणारा मुंबईला नवा नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरदारांना जमावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. रात्रशाळा तर गिरणगावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या. शिकायला सवड द्यायची, हे या शहराला कळतं. शिकून आलेल्याला काम काय द्यायचं, तिथे ऑफिसांचं घोडं अडतं.

भाचीला म्हटलं, चेक देऊ नकोस, वसुलीची रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल असं लिहून घे, आणि कोर्सनंतर मी कोणतं काम करणार, ते विचार. तिने विचारलं. एचआर म्हणाली, ‘ते नंतर बघू.’

सही अजून झालेली नाही.