आत्या, अमरवेल हवेवर जगत नाही

रविवारी रामबागेत आत्याकडे गेले, तर गॅसवर पातेल्यात पिवळ्या शेवयांसारखं काहीतरी उकळत होतं. अमरवेल. चाळणीत उरलेली उचलून बघितली, तर तिच्या वेढ्यात कण्हेरीचं एक लांबट पान अजून अडकलेलं होतं. मी आधी गॅस बंद केला. "अगं, ग्रुपवर आलंय," आत्या म्हणाली.

तो मेसेज मलाही चार जणांनी पाठवलाय. त्यात लिहिलंय: अमरवेलीला मूळ नाही, ती हवेतून प्राणशक्ती घेते, म्हणून वाळवंटातल्या झुडपांवरही तजेलदार राहते. कुठल्याही झाडावरची चालते. अनशापोटी काढा प्या, कावीळ, मूतखडा, साखर जाते. तेल लावा, टकलावर केस येतात. अंगणातल्या झाडावर तुकडा सोडा, घरात बरकत येते.

'कुठल्याही झाडावरची चालते' हे ज्यानं लिहिलं, त्याला आपण काय लिहितोय याची काही कल्पना आहे का? अमरवेल स्वतःचं अन्न जवळजवळ बनवतच नाही. खोडाला बारीक गाठी फुटतात, त्या यजमान झाडाच्या सालीत घुसतात आणि आतला रस ओढतात. रसात साखर असेल तर साखर येते, विष असेल तर विषही येऊ शकतं. 1999 साली 'फायटोकेमिस्ट्री' या संशोधनपत्रिकेत डिजिटॅलिस नावाच्या विषारी फुलझाडावर वाढलेल्या कस्कुटाचा, म्हणजे अमरवेलीच्याच प्रजातीतल्या वेलींचा, अभ्यास आला. हृदयविकारावरचं डिगॉक्सिन डिजिटॅलिसपासून मिळतं. त्या झाडातली हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं वेलीत उतरलेली सापडली. कण्हेरीतलं विष त्याच गटातलं आहे, आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात. आत्याचं वय 72, रोज रक्तदाबाची गोळी घेते. तिनं तो काढा पेलाभर प्यायला असता तर, या विचारानं माझे हातपाय आजही गार पडतात.

हवेवर जगते म्हणे! तिचं बी मातीतच रुजतं. कोवळा धागा वर येतो, आधार चाचपतो आणि थोड्या दिवसांत झाड सापडलं नाही तर मरतो. झाड तो वासावरून हुडकतो. 2006 मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलेल्या प्रयोगात ही रोपं टोमॅटोच्या वासाच्या दिशेनं वाढत गेली. एकदा झाड धरलं की खालचं टोक सुकून जातं, म्हणून आपल्याला मूळ दिसत नाही. वाळवंटाचंही तेच. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात कस्कुटा डेंटिक्युलाटा नावाची जात क्रिओसोटच्या झुडपावर नारिंगी जाळं पसरते. तिथं पाणी शोधतात ती झुडपाची मुळं. वेल ते आयतं पिते.

औषधी आहे, हे मान्य करते. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ती आकाशवल्ली नावानं आहे, युनानी हकीम अफ्तीमून नावानं तिचीच एक जात वापरतात. पण वैद्य कोणती वेल, कुठल्या झाडावरची, किती, हे बघून देतात. कावीळ झाली असेल तर आधी रक्त तपासा, काढ्यापायी आठवडा घालवू नका. केसांचं म्हणाल, तर उंदरांवर प्रयोग झालेत, एवढंच.

आणि बरकत! आमच्या कॉलनीच्या बागेत डुरांटाचं कुंपण होतं. कुणीतरी हौसेनं एक तुकडा टाकला, आणि दोन पावसाळ्यांत अर्धं कुंपण पिवळं पडून वाळलं. नुसती वेल ओढून काढून भागत नाही, सालीत राहिलेल्या तुकड्यातून ती परत फुटते. बी तर मातीत दहा वर्षांहून जास्त टिकू शकतं.

आत्याची कण्हेर आम्ही वेढ्याच्या वीतभर खालून छाटली आणि वेलीसकट फांद्या पोत्यात बांधल्या. पातेलं तिनं स्वतः मोरीत ओतलं, दोनदा घासलं. मग ग्रुप उघडला आणि म्हणाली, "सांग, काय लिहू? तुझ्या त्या डिजिटॅलिसपासून सुरू करते."